‘हॅवक’ म्हणजे नक्की कसलं नुकसान? आणि क्रियापद कोणतं: रीक, रेक की रॉट?

शब्दखूण

एका इंग्रजी मजकुराच्या भाषांतरात ‘हॅवक’ (एच-ए-व्ही-ओ-सी) हा शब्द तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा क्रियापद निराळं आहे. वाक्यं अशी:

(१) द स्टॉर्म रॉट हॅवक ऑन द कोस्ट.
(२) द अपडेट रेक्ट हॅवक ऑन द फाइल्स. (इथे डब्ल्यू-आर-ई-सी-के असं छापलंय. म्हणजे जहाज फुटतं तो ‘रेक’.)
(३) नाइट शिफ्ट्स प्ले हॅवक विथ स्लीप.

कोशात ‘प्रचंड नुकसान, विध्वंस’ एवढंच मिळतं. पहिल्या वाक्याला ते चालून जाईल, पण ‘झोपेचा विध्वंस’ काही वाचवत नाही. प्रश्न चार आहेत. दुसऱ्या वाक्यातलं स्पेलिंग चुकलंय का? पहिल्यातला ‘रॉट’ कुठून आला? साधं ‘डॅमेज’ सोडून ‘हॅवक’ नेमकं कधी वापरतात? आणि तिन्ही ठिकाणी चालेल असा एकच मराठी शब्द आहे का? शब्दाचं मूळ ‘हॉक’ म्हणजे ससाण्यात आहे असंही कुठेतरी वाचलं. त्यात तथ्य आहे का, तेही सांगा.

कानामात्रा

दुसरं वाक्य चूकच आहे. ही चूक इतकी सर्रास दिसते की डोळा सरावतो.

‘हॅवक’बरोबर येणारं क्रियापद आहे डब्ल्यू-आर-ई-ए-के. उच्चार ‘रीक’, ‘डब्ल्यू’ मुका. भूतकाळ ‘रीक्ट’, लिहिताना शेवटी ई-डी. डब्ल्यू-आर-ई-सी-के हा ‘रेक’ वेगळा: एखादी वस्तू मोडून निकामी करणे. गाडी ‘रेक’ होते, जहाज ‘रेक’ होतं, पण ‘हॅवक’ कसा मोडणार? तो आधीच मोडतोडीचा शब्द आहे. ‘रेक हॅवक’ म्हणजे शब्दशः ‘विध्वंसाचा विध्वंस केला’. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली ही चूक बहुधा पकडत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘दुर्गंध सुटणे’ या अर्थाचा आर-डबल ई-के हाही ‘रीक’च उच्चारला जातो, त्यामुळे श्रुतलेखनात तिसराच घोटाळा होतो.

‘हॅवक’चा उच्चार करताना जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा, दुसरं अक्षर ढिलं सोडायचं. ‘हॅवॉक’ असा ताणलेला ‘ऑ’ इंग्रजीत नाही.

शब्दयोगी अव्ययांकडे लक्ष द्या, चुका तिथेच होतात. ‘रीक’ असेल तर पुढे ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ (कुणावर), ‘इन’ किंवा ‘अक्रॉस’ (कुठे). ‘प्ले’ असेल तर ‘विथ’. ‘रीक हॅवक विथ’ही छापलेलं आढळतं आणि खपतं, पण ‘प्ले हॅवक ऑन’ कानाला खटकतं. ‘कॉज’ आणि ‘क्रिएट’ ही दोन क्रियापदंही ‘हॅवक’ला चालतात, फक्त जरा बेचव. पूर्वीच्या इंग्रजीत ‘मेक हॅवक ऑफ’ होतं. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात सॉल चर्चचा छळ करतो तिथे हाच प्रयोग आहे. आज तो लिहिला तर जुनाट वाटेल.

या शब्दाला अनेकवचन नाही, मागे ‘अ’ही लागत नाही. ‘अ ग्रेट हॅवक’ आणि ‘मेनी हॅवक्स’ दोन्ही चूक. ‘सो मच हॅवक’, ‘वाइडस्प्रेड हॅवक’, ‘फर्दर हॅवक’ ठीक.

कोशकीटक

ससाण्याची गोष्ट आधी निकालात काढू. जुन्या इंग्रजीत ससाण्याला ‘हाफोक’च्या जवळपास जाणारा शब्द होता हे खरं, आणि त्या साम्यावरून कुणीतरी संबंध जोडला. जुन्या कोशांत वेल्श भाषेतल्या ‘हाव्हॉग’ या शब्दाकडेही बोट दाखवलेलं असे, पण वेल्शनेच तो इंग्रजीकडून घेतला. गंगा उलटी वाहवली होती.

मूळ आहे इंग्लंडमधल्या नॉर्मन सरदारांच्या फ्रेंचमध्ये: ‘क्रिए हावोक’, म्हणजे ‘हावोक’ अशी आरोळी ठोकणे. त्यामागे जुन्या फ्रेंचमधला ‘हावो’, अर्थ लूट. म्हणजे हा शब्द नुकसानाचं नाव नव्हताच मुळी. ती रणांगणावरची आरोळी होती: ‘लुटा!’ लढाई निकालात निघाली, आता रांगा मोडा आणि हाताला लागेल ते उचला, अशी मोकळीक.

आणि म्हणूनच ती वाटेल त्याने ठोकायची नव्हती. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड १३८५ मध्ये स्कॉटलंडवर चालून जाताना डरहॅम इथे सैन्यासाठी शिस्तीचे नियम काढले गेले. त्यांत स्पष्ट कलम आहे: कुणीही ‘हावोक’ ओरडण्याचं धाडस करू नये, केल्यास डोकं उडवलं जाईल. एका शब्दाला एवढी शिक्षा का, हे त्या काळच्या युद्धाचा व्यवहार पाहिला की कळतं. शिपायाची खरी कमाई लुटीत आणि कैद्यांच्या खंडणीत असे, आणि त्या कमाईचा तिसरा हिस्सा त्याच्या नायकाला द्यावा लागे. आरोळी अवेळी उठली की जो तो मुडद्यांचे खिसे आणि शत्रूच्या सामानाच्या गाड्या यांच्यामागे धावणार, फळी फुटणार, आणि मागे हटलेला शत्रू वळून आला तर समोर सैन्य नाही, नुसती गर्दी. हिशेब बुडणार तो वेगळाच.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधली ‘क्राय हॅवक’ची ओळ (तिसरा अंक, पहिला प्रवेश) सगळ्यांना युद्धाच्या कुत्र्यांमुळे आठवते. पण नेमका शब्द तिच्या आधी येतो: सीझरचा आत्मा ही आरोळी ‘राजाच्या आवाजात’ ठोकेल, असं अँटनी म्हणतो. तो अलंकार म्हणून घातलेला नाही. ही आरोळी देण्याचा हक्क फक्त वरच्याला होता, हे नाटककाराला आणि बहुधा प्रेक्षकांनाही ठाऊक होतं.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘आरोळी’ गळून पडली आणि आरोळीनंतर जे व्हायचं ते, म्हणजे सार्वत्रिक नासधूस, एवढाच अर्थ उरला. लुटीचा अर्थही हळूहळू विरला. गंमत अशी की इंग्रजीला लुटीसाठी आटोपशीर शब्द पुढे हवाच होता, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तिने तो आपल्याकडूनच उचलला: ‘लूट’.

तिरकस

वरचं सगळं मान्य. पण ‘रॉट हॅवक’ सगळ्यांनी सोडूनच दिला. तो सरळ चूक आहे. ‘रीक’चा भूतकाळ ‘रीक्ट’, ‘रॉट’ नव्हे. पहिलं वाक्यही दुरुस्त करा.

कोशकीटक

अर्धं बरोबर. ‘रॉट’ (डब्ल्यू-आर-ओ-यू-जी-एच-टी) हा ‘रीक’चा भूतकाळ नाही, याबद्दल वाद नाही. तो ‘वर्क’चा जुना भूतकाळ आहे. जुन्या इंग्रजीत ‘वॉर्ह्टे’सारखं रूप होतं, त्यातल्या ‘र’ने जागा बदलली आणि ‘रॉट’ झाला. ‘प्लेराइट’ आणि ‘व्हीलराइट’ यांतला ‘राइट’ म्हणजे घडवणारा, तोही याच घरचा. घडीव लोखंडाला ‘रॉट आयर्न’ म्हणतात ते यामुळेच. मोर्सने २४ मे १८४४ रोजी तारेवरून पाठवलेल्या प्रसिद्ध संदेशात, ‘देवाने काय घडवलं!’ या अर्थाच्या बायबलच्या वाक्यात, हाच ‘रॉट’ आहे.

पण इंग्रजीत ‘वर्क हॅवक’ असाही प्रयोग रूढ होता. त्याचा जुन्या वळणाचा भूतकाळ ‘रॉट हॅवक’. तेव्हा पहिलं वाक्य ‘वर्क हॅवक’चा भूतकाळ म्हणून शुद्ध आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा लिहिणारा वर्तमानकाळात ‘रीक’ लिहितो आणि त्याचं रूप म्हणून भूतकाळात ‘रॉट’ देतो. व्यवहारात सल्ला एवढाच: स्वतः लिहिताना ‘रीक्ट’ लिहा, दुसऱ्याच्या मजकुरात ‘रॉट’ दिसला तर लाल पेन आवरा.

‘रीक’चं स्वतःचं कूळही पाहण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत ‘व्रेकान’ म्हणजे हाकलणे, शिक्षा करणे, सूड उगवणे. जर्मनमध्ये सूडाला आजही ‘राखं’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद. ‘रीक व्हेंजन्स’ हा जोडीदार प्रयोग त्यातूनच टिकला. म्हणजे ‘रीक’चा अर्थ नुसतं ‘करणे’ नाही, कुणावर तरी काढणे, उगवणे असा आहे. ‘ऑन’ का लागतो याचं उत्तर इथे मिळतं. आपण राग ‘करतो’ आणि राग ‘काढतो’, यात जो फरक तोच. त्याच मुळातून ‘रेच’ म्हणजे दुर्दैवी माणूस (मूळ अर्थ हद्दपार केलेला) आणि लाटांनी किनाऱ्याला ढकलत आणलेला तो ‘रेक’. म्हणजे दुसऱ्या वाक्यातल्या चुकीतले दोन शब्द, ‘रीक’ आणि ‘रेक’, सख्खे नसले तरी चुलत आहेतच.

रकानेभर

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. ‘डॅमेज’ आणि ‘हॅवक’ यांत फक्त कमी-जास्तीचा फरक आहे असं समजू नका. मोठं डॅमेज म्हणजे हॅवक नव्हे.

डॅमेज एका वस्तूला होतं. ते दाखवता येतं, मोजता येतं, दुरुस्त करता येतं. ‘डॅमेज टू द रूफ’ म्हणजे छताचं नुकसान, इतके पत्रे गेले, इतका खर्च. ‘हॅवक टू द रूफ’ कुणी म्हणत नाही. हॅवकला आधी एक घडी बसलेली व्यवस्था लागते: वेळापत्रक, शहर, शरीर, हिशेब, पिकांचं चक्र. ती घडी विस्कटली, एकातून दुसरं बिघडत गेलं, आणि कुठून आवरायला घ्यावं ते कळेना, की तो हॅवक. अख्खी इमारत शिस्तीत पाडली तर तिचं डॅमेज शंभर टक्के, हॅवक शून्य. उलट विमानतळावर दोन तास धुकं पडलं तर एकही वस्तू मोडत नाही, पण हॅवक होतो.

करणाराही बघा. हॅवक करणारे बहुधा वादळ, विषाणू, संप्रेरकं, उंदीर, मोकाट जमाव. थंड डोक्याने केलेल्या नुकसानाला तो शोभत नाही. तिथे इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. आतून, हेतुपुरस्सर खीळ घालणं म्हणजे ‘सॅबोटाज’. फ्रेंच कामगारांनी यंत्रांत लाकडी खडावा फेकल्या म्हणून हा शब्द आला, ही दंतकथा सगळीकडे फिरते. खडावेला फ्रेंचमध्ये ‘साबो’ म्हणतात हे खरं, पण ‘साबोते’ या क्रियापदाचा अर्थ काम धसमुसळं करणे, बिघडवणे असा होता, आणि शब्द आला तो त्यातून. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक मालमत्तेची उगाच केलेली नासधूस म्हणजे ‘व्हँडॅलिझम’. फ्रेंच राज्यक्रांतीत कलावस्तू फोडल्या जात होत्या, त्या प्रकाराला आब्बे ग्रेग्वार या धर्मगुरूंनी १७९४ मध्ये हे नाव दिलं, ४५५ मध्ये रोम लुटणाऱ्या व्हँडल टोळीवरून.

भाषांतर करताना आणखी एक खड्डा: ‘डॅमेज’चं अनेकवचन ‘डॅमेजेस’ म्हणजे ‘अनेक नुकसानं’ नव्हेत. कायद्याच्या मजकुरात ती न्यायालयाने द्यायला लावलेली भरपाईची रक्कम असते. ‘ही पेड डॅमेजेस’चं भाषांतर ‘त्याने नुकसान भरलं’ असं केलेलं दिसतं. ‘नुकसानभरपाई दिली’ हवं.

ओळीमागची ओळ

मराठीकडे येऊ. एकच शब्द शोधू नका, मिळणार नाही आणि मिळाला तरी तो मजकूर मारेल. आपल्याकडे या एका शब्दासाठी दहा शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा कर्ता ठरलेला आहे.

वादळ, पूर, साथ, आग: ‘थैमान घालणे’. क्रियापद ‘घालणे’, आणि ज्यावर घातलं त्याला सप्तमी किंवा ‘-वर’, अगदी ‘रीक हॅवक ऑन’सारखं बसतं. ‘वादळाने किनारपट्टीवर थैमान घातलं.’ पहिलं वाक्य झालं.

माकडं, हत्तींचा कळप, मोकाट जमाव, पोरंटोरं: ‘धुमाकूळ’, ‘धुडगूस’, ‘उच्छाद’. यांत दंग्याची छटा आहे. धुमाकूळ वादळालाही चालतो, पण उच्छाद वादळाला नाही. आणि उच्छाद ‘मांडतात’, धुमाकूळ ‘घालतात’. अदलाबदल केली की वाचणारा अडखळतो.

सैन्य, संघ, पक्ष यांची दुरवस्था: ‘दाणादाण’, ‘वाताहत’. ही हॅवक करणाऱ्याची बाजू नाही, सोसणाऱ्याची आहे. दाणादाण ‘उडते’, वाताहत ‘होते’. वाताहत म्हणजे वाऱ्याने झोडपलेलं. विखुरलेपण त्यात मुळातच आहे, म्हणून एका जागी पडलेल्या भिंतीला तो शब्द देऊ नका.

पैसा, संसार, धंदा: ‘धूळधाण’.

‘कहर’ जपून. अरबीतून आलेल्या या शब्दात कोप आहे, दडपून टाकणं आहे. ‘रीक’मधल्या सूडाच्या छटेशी त्याचं छान जुळतं. पण ‘कहर केला’ हे आपण थट्टेतही म्हणतो, आणि गंभीर मजकुरात तो अर्थ डोकावतो.

‘प्ले हॅवक विथ’ हे वेगळं प्रकरण. तिथे विध्वंस नसतो, बसलेली घडी बिघडते. वेळापत्रकाचा ‘बोजवारा उडतो’, योजनेचा ‘बट्ट्याबोळ होतो’, शिक्षणाचा ‘खेळखंडोबा होतो’, रंगलेल्या बेताचा ‘विचका होतो’. झोपेचं मात्र ‘खोबरं’. तुमचं तिसरं वाक्य: ‘रात्रपाळीने झोपेचं पार खोबरं होतं.’ वैद्यकीय लेख असेल तर तेवढी मोकळीक नको, तिथे ‘झोपेची घडी पार विस्कटते’.

आणि ‘हाहाकार’. वर्तमानपत्री भाषांतरात हॅवक आला की हात आपोआप हाहाकाराकडे जातो. कोशकीटकांनी सांगितलेलं मूळ वाचल्यावर तर तो मोह आणखी वाढेल, कारण दोन्ही शब्द आरोळीतून आलेत. पण आरोळी कुणाची ते बघा. ‘हावोक’ ही लुटणाऱ्याची. ‘हा हा’ हा आक्रोश ज्याचं गेलं त्याचा. म्हणून माणसं रडतायत, आकांत चाललाय, अशाच ठिकाणी हाहाकार लिहायचा. फाइली उडाल्या, गाड्या उशिरा आल्या, यात हाहाकार माजत नाही.

शब्दखूण

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या वाक्याचं अजून अडतंय. अपडेटमुळे फाइली पुसल्या गेलेल्या नाहीत. नावं बदलली, काही चुकीच्या फोल्डरमध्ये गेल्या, काही दोनदा उमटल्या. ‘थैमान’ जास्त होतं, ‘नुकसान’ कमी पडतं. शिवाय पुढच्याच परिच्छेदात ‘हॅवक’ क्रियापद म्हणून आलाय, ‘हॅवक्ड’, मध्ये ‘के’ घालून. तीही छपाईची चूक का?

ओळीमागची ओळ

‘नव्या अपडेटने फाइलींचा पार सावळागोंधळ करून ठेवला.’ एकही फाइल गेलेली नाही, नुसती सरमिसळ झालीय. तेवढंच सांगायचं तर हा शब्द पुरतो. पुसल्या गेल्या असत्या तर ‘फाइलींची वाट लावली’ म्हटलं असतं. औपचारिक अहवाल असेल तर ‘फाइलींची मांडणी पूर्ण विस्कळीत झाली’ असं लिहून पुढे काय काय झालं ते तुमच्यासारखंच एकेक सांगा. अहवालात ‘हॅवक’ला शब्द शोधण्यापेक्षा तपशील देणं बरं.

कानामात्रा

‘के’ बरोबर आहे. शब्दाच्या शेवटी ‘सी’ आणि पुढे ई-डी किंवा आय-एन-जी लागलं की तो ‘सी’ ‘स’ वाचला जाण्याचा धोका असतो, म्हणून ‘के’ घालतात. पिकनिक, पॅनिक, मिमिक, ट्रॅफिक, सगळ्यांचं हेच. तेव्हा हॅवक्ड आणि हॅवकिंग, दोन्हींत ‘के’. पूर्वी नामातही ‘सी’नंतर ‘के’ असे, १६११ च्या बायबलात तसंच छापलंय. तो नंतर गळला.

फक्त क्रियापद म्हणून हा शब्द आज फार कमी वापरतात. मूळ लेखकाला विचारता येत असेल तर तिथे ‘रॅव्हेज्ड’ सुचवा. आणि तेव्हा दोन अक्षरं नीट तपासा: ‘रॅव्हेज’ म्हणजे उद्ध्वस्त करणे, ‘रॅव्हिश’ म्हणजे पळवून नेणे किंवा मोहवून टाकणे. दोघं एकाच फ्रेंच क्रियापदापासून निघाले, पण ‘रॅव्हिश्ड बाय द स्टॉर्म’ छापून आलं तर वादळाचं चारित्र्यच बदलतं.

तिरकस

‘रॉट’बद्दलचं माझं विधान मागे घेतो. पण ‘चुलत’वरून ‘रेक हॅवक’ला कुणी घरात घेऊ नये.